वाहन कंपनीचा कार्बन फॉर्म आला आहे? लहान व्हेंडरने तो असा भरावा

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड इथल्या टियर-२, टियर-३ (वाहन कंपनीच्या पुरवठादारांना माल देणाऱ्या) कारखान्यांना हल्ली कोटेशनच्या फॉर्मबरोबर आणखी एक एक्सेल शीट येते. वर्षाला किती वीज वापरता, किती डिझेल जाळता, एका पार्टमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे त्यात भरायचे असते. बहुतेक ठिकाणी ही शीट अकाउंट्स किंवा क्वालिटीच्या माणसाकडे ढकलली जाते. तो अंदाजाने आकडे टाकतो आणि शुक्रवारी संध्याकाळी ती पाठवून मोकळा होतो. असे करू नका. आज दिलेला आकडा पुढच्या वर्षी तुमच्याच समोर ठेवला जातो आणि 'यातून अमुक टक्के कमी करा' असे सांगितले जाते. पुढची घट त्यावरच मोजली जाणार, म्हणून पहिला आकडा खरा असलाच पाहिजे.

हा फॉर्म आत्ताच का येऊ लागला, हे समजले तर तो नीट भरता येतो. आतापर्यंतचे कायदे गाडीच्या धुराड्याकडे बघत होते. बीएस-६ हे धुराचे मानक १ एप्रिल २०२० पासून आले. प्रत्यक्ष रस्त्यावरची उत्सर्जन चाचणी एप्रिल २०२३ पासून लागू झाली. इंधन-कार्यक्षमतेच्या कॅफे नियमांनी कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांची सरासरी आधी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम सीओटूवर आणली. पण गाडी विजेवर गेली की धुराडेच उरत नाही. मग गाडीचा कार्बन राहतो तो चार्जिंगच्या विजेत आणि पोलाद, ॲल्युमिनियम, बॅटरी, सुटे भाग घडवण्यात. म्हणजे तुमच्या शेडमध्ये. त्यात शेअर बाजाराच्या नियंत्रक सेबीने मोठ्या लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल बंधनकारक केला आणि २०२३ मध्ये त्याची व्याप्ती पुरवठा साखळीपर्यंत नेली. नियमाचा रोख मुख्यतः त्या व्हेंडरांवर आहे ज्यांच्याकडून कंपनीची २ टक्के किंवा जास्त खरेदी होते. तुम्ही त्यात बसत नसाल, तरी पर्चेस खाते तीच शीट सगळ्यांना पाठवते. युरोपात मुख्यालय असलेल्या कंपन्यांची मागणी आणखी कडक असते.

आधी कागद गोळा करा

एक पूर्ण आर्थिक वर्ष निवडा, एप्रिल ते मार्च. ज्या वर्षी मोठे मशीन आले, शेड बदलली किंवा ऑर्डर निम्म्यावर आली, ते वर्ष पायाभूत म्हणून घेऊ नका. काम कमी असले तरी दिवे, कॉम्प्रेसर आणि कूलंट पंप चालूच असतात, त्यामुळे त्या वर्षी पार्टमागचा आकडा उगाच फुगतो.

मग महावितरणची १२ बिले, डिझेलच्या पावत्या आणि डीजी सेटचे (डिझेल जनरेटरचे) लॉगबुक, एलपीजी किंवा पाइप गॅसची बिले, वेल्डिंग गॅसची चलने, एसी आणि चिलरच्या सर्व्हिसचे रिपोर्ट, कच्च्या मालाची खरेदी, भंगारविक्रीच्या पावत्या आणि महिनावार ओके पार्ट्सची संख्या काढून ठेवा. यातले बहुतेक टॅलीत असते. मात्र टॅलीत रुपये असतात आणि आपल्याला लिटर, किलो व युनिट हवेत. रुपयांवरून उलटे गणित करू नका, वर्षभरात दर बदललेले असतात.

प्रदूषण मंडळाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत दिलेले फॉर्म ५ चे पर्यावरण विवरणपत्रही समोर ठेवा. त्यात कच्च्या मालाचा वापर लिहिलेला असतो. तिथे एक आकडा आणि वाहन कंपनीला दुसरा, असे झाले तर ऑडिटला आलेला माणूस तेच पहिले पकडतो.

वीज बिल वाचताना होणारी चूक

एचटी (उच्चदाब) ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा तोटा धरून येणाऱ्या युनिटवर) आकारले जाते. बिलावर जे युनिट ठळक दिसतात ते केव्हीएएच असतात. कार्बनचा हिशेब मात्र किलोवॅट-तासावर, म्हणजे केडब्ल्यूएचवर होतो. दोन्ही आकडे बिलावर असतात, फक्त शोधावे लागतात. समजा महिन्याचा वापर ६०,००० केडब्ल्यूएच आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेला हिस्सा) ०.९५ आहे, तर केव्हीएएच ६३,१५८ दिसतील. चुकून तो आकडा उचलला तर न जाळलेल्या ३,१५८ युनिटचा कार्बन तुमच्या नावावर चढतो, म्हणजे महिन्याला सव्वादोन टनांहून जास्त.

छतावर सोलर असेल तर दुसरा घोळ होतो. नेट मीटरिंगच्या बिलावर उरलेले, वजावटीनंतरचे युनिट असतात. तुमचा खरा वापर असा काढायचा: ग्रिडमधून घेतलेले युनिट, अधिक सोलरने तयार केलेले युनिट, वजा ग्रिडला परत दिलेले युनिट. सोलरची निर्मिती इन्व्हर्टरच्या मीटरवरून घ्या, विक्रेत्याच्या ब्रोशरवरून नाही. पॅनलवर धूळ साचली की निर्मिती झपाट्याने घसरते, आणि एमआयडीसीत धूळ कमी नसते.

विजेचा उत्सर्जन गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. तो युनिटला ०.७ किलोच्या आसपास असतो. ज्या वर्षाचा हिशेब आहे त्याच वर्षाचा गुणांक घ्या आणि आवृत्तीचा क्रमांक शीटमध्ये लिहा. महावितरणकडून हरित ऊर्जा दराने वीज घेत असाल तर त्याचे प्रमाणपत्र जोडा आणि दोन्ही आकडे द्या: ग्रिडच्या सरासरीने येणारा आणि तुमच्या कराराप्रमाणे येणारा. फॉर्ममध्ये 'लोकेशन बेस्ड' आणि 'मार्केट बेस्ड' असे दोन रकाने असतात, ते यासाठीच.

इंधन आणि विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

गुणांक सरळ आहेत. डिझेल लिटरला २.६८ किलो, पेट्रोल सुमारे २.३, एलपीजी किलोला २.९८, पाइप गॅस घनमीटरला साधारण २, फर्नेस ऑइल किलोला ३.१. डिझेल खरेदीवरून नाही, वापरावरून घ्या: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. मालकाच्या गाडीत त्याच पंपावरून भरलेले डिझेल डीजीच्या खात्यात जाते, हे तर घरोघरी आहे. ती गाडी कंपनीची असेल तर ते वाहनांच्या रकान्यात टाका.

वेल्डिंगचे कारखाने शील्डिंग गॅस विसरतात. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वापरले तर त्यातला प्रत्येक किलो जसाच्या तसा हवेत जातो. गुणांक १, वजन सिलिंडरवर लिहिलेले निव्वळ. आर्गॉन मिश्रण असेल तर त्यातला सीओटूचा हिस्साच मोजा. मिश्रणाचे टक्के व्हॉल्यूममध्ये असतात, वजनात बदलून घ्यायचे. गॅसवाला ते कागदावर देतो.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे एसीचा गॅस. आर-४१०ए या गॅसचा तापमानवाढ गुणांक २,०८८ आहे, म्हणजे १ किलो गॅस २,०८८ किलो सीओटूइतका. पॅनल रूमच्या एसीत किंवा चिलरमध्ये वर्षात २ किलो गॅस भरावा लागला, तर ४ टनांहून जास्त उत्सर्जन झाले, म्हणजे दीड हजार लिटर डिझेल जाळल्याइतके. सर्व्हिसवाल्याच्या बिलावर 'गॅस चार्जिंग' एवढेच लिहिलेले असते. किती किलो आणि कोणता, हे लिहून द्यायला यापुढे सांगा.

पार्टमागचा आकडा

इथे एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा टर्निंगचा कारखाना आहे. महिन्याला वीज ६०,००० युनिट, गुणांक उदाहरणापुरता ०.७२ धरला: ४३,२०० किलो. डिझेल ४०० लिटर: १,०७२ किलो. एलपीजीचे १९ किलोचे ५ सिलिंडर: २८३ किलो. एकूण ४४,५५५ किलो. महिन्यात सगळ्या मशीनचे मिळून कटिंगचे तास ४,८००. म्हणजे तासाला ९.२८ किलो. पार्टचा सायकल टाइम ३ मिनिटे असेल तर तासाला २० पार्ट, पार्टमागे ०.४६४ किलो. रिजेक्शन ४ टक्के असेल तर ०.९६ ने भागा: ०.४८३ किलो.

पार्टच्या वजनावर वाटप करणेही चालते, पण एकाच शेडमध्ये २०० ग्रॅमची बुश आणि ६ किलोची शाफ्ट होत असेल तर वजनाने वाटप केल्यावर शाफ्टवर अन्याय होतो. मशीनच्या तासांनी वाटा. एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवा.

आता धातू. ५० मिमी व्यासाच्या गोल बारमधून १.८ किलोचा ब्लँक (पार्टसाठीचा तुकडा) कापला. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाला किलोमागे २.३ किलो गुणांक धरला. रिजेक्शनसकट १.८७५ किलो धातू लागला: ४.३१ किलो सीओटू. म्हणजे पार्टचे एकूण ४.८० किलो, आणि त्यातले ०.४८ फक्त तुमच्या कारखान्यातले. दहापैकी नऊ हिस्से स्टीलच्या चलनावरच शेडमध्ये आले होते.

म्हणूनच या फॉर्मच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ धातूच्या रकान्यावर घालवा. एलईडी दिवे लावल्याचे फोटो पाठवून काही होत नाही.

धातूचे वजन ब्लँक काट्यावर ठेवून मोजू नका. महिन्याची बारखरेदी, साठ्यातला फरक जमेस धरून, ओके पार्ट्सनी भागा. ६ मीटरच्या बारमध्ये चकमध्ये (मशीनच्या पकडीत) पकडायला राहिलेला एंड पीस, सेटिंगचे पीस, पार्टिंग टूलने खाल्लेले ३ मिमी हे सगळे त्यात आपोआप येते. ब्लँकच्या वजनावरून काढलेला आकडा आणि हा आकडा यांत ५ टक्क्यांचा फरक सहज निघतो. तसे काढले तर रिजेक्शनने पुन्हा भागू नका, ते आधीच धरलेले आहे.

भंगारात विकलेल्या चिप्सचे वजन वजा करायचा मोह होतो. करू नका. बहुतेक वाहन कंपन्या कट-ऑफ पद्धत मागतात: भंगार तुमच्या गेटबाहेर गेले की त्याचे श्रेय ते वितळवणाऱ्याला.

गुणांक कुठून आणायचा

फॉर्ममध्ये रकाना रिकामा ठेवलात तर कंपनी डिफॉल्ट आकडा घेते, आणि डिफॉल्ट नेहमी जास्तच असतो. बारच्या टेस्ट सर्टिफिकेटवर मिलचे नाव आणि हीट नंबर असतो. त्यावरून पोलाद ब्लास्ट फर्नेसचे की भंगारावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक फर्नेसचे, हे कळते. भंगारापासून केलेल्या पोलादाचा गुणांक ब्लास्ट फर्नेसच्या निम्म्याहूनही खाली असू शकतो. तो बहुतेक विजेवर अवलंबून असतो. मात्र 'इलेक्ट्रिक फर्नेस' एवढ्यावर खूश होऊ नका. आपल्याकडे कित्येक फर्नेसमध्ये भंगाराबरोबर कोळशावर बनवलेले स्पंज आयर्न पडते आणि गुणांक पुन्हा वर जातो. चार्ज मिक्स (फर्नेसमध्ये काय किती टाकले) विचारा. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: तयार पोलादाच्या टनाला २.२ टनांपेक्षा कमी असेल तर हरित, १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. मिलकडे असे प्रमाणपत्र असेल तर तेवढा एक कागद पुरतो.

ट्रेडरकडून माल घेत असाल आणि तो चार मिलचा मिसळून देत असेल, तर सर्टिफिकेटप्रमाणे वजनाने सरासरी काढा. ट्रेडर सर्टिफिकेटची झेरॉक्स सगळ्यांना तीच देत असेल, तर तो प्रश्न कार्बनच्या आधी क्वालिटीचा आहे.

ॲल्युमिनियम डायकास्टिंगवाल्यांनी हे दोनदा वाचावे. कोळशाच्या विजेवर बनलेले प्राथमिक ॲल्युमिनियम टनाला १५ टनांहून जास्त कार्बन घेऊन येते. तुम्ही जे एडीसी-१२ मिश्रधातू ओतता ते बहुतेक भंगारातून वितळवलेले असते आणि त्याचा गुणांक त्याच्या एका लहानशा हिश्शाएवढा असतो. फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये नुसते 'ॲल्युमिनियम' निवडले तर प्राथमिकचा गुणांक लागतो आणि तुमचा पार्ट अनेक पटींनी वाईट दिसतो. इंगट बनवणाऱ्याकडून लेटरहेडवर भंगाराचे प्रमाण, इंधन आणि विजेचा टनामागचा वापर लिहून घ्या आणि तो कागद शीटला जोडा. रनर, बिस्किट आणि ओव्हरफ्लो (ओतकामात पार्टबरोबर उरणारे तुकडे) तुम्ही शेडमध्येच परत वितळवता. ते धातूत दुसऱ्यांदा मोजू नका, वितळवायला लागलेला गॅस तेवढा मोजा.

जॉबवर्कमध्ये माल ग्राहकाचा असेल तर त्याचा कार्बन तुमचा नाही. तुम्ही फक्त प्रक्रियेचा आकडा द्या आणि 'मटेरियल ग्राहकाचे' असे स्पष्ट लिहा. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर देत असाल तर त्या व्हेंडरकडून किलोमागे लागणाऱ्या युनिट आणि गॅसचा आकडा मागा. प्रामाणिक अंदाज दिला तरी चालतो, पण समोर 'अंदाज' असे लिहा.

कमी कुठे करायचे

वरच्या उदाहरणात तयार पार्टचा व्यास ४६ मिमी असेल तर ५० ऐवजी ४८ मिमीचा बार घेता येतो का, बघा. ब्लँक १.८ वरून १.६६ किलोवर येतो. पार्टमागे ०.३४ किलो सीओटू वाचतो. एवढी बचत विजेतून करायची तर कारखान्याचे बिल दोन-तृतीयांशाहून जास्त कमी करावे लागेल. स्टीलचे पैसे वाचतात, कटिंगचा वेळ वाचतो, इन्सर्टही जास्त टिकतात. धोका एवढाच की बाजूला जेमतेम १ मिमी उरतो. ब्लॅक बार थोडा लंबगोल किंवा वाकडा असेल, तर एका बाजूला काळा चट्टा राहतो आणि डीकार्बचा (कार्बन उडून गेलेला) मऊ थर पार्टवर येतो, मग हार्डनिंगनंतर पृष्ठभाग मऊ लागतो. म्हणून पील्ड किंवा ब्राइट बार घ्या आणि पहिल्या लॉटचे डीकार्ब तपासून घ्या. कच्च्या मालाचा साईज बदलला की ग्राहकाची मंजुरी लागते, पीपीएपी (पार्ट मंजुरीची प्रक्रिया) पुन्हा करावे लागू शकते. त्यासाठी सोर्सिंगवाल्यांना याच कार्बन शीटचा हवाला द्या. घट त्यांनीच मागितली आहे, मंजुरीला सहा महिने लावण्याचा हक्क त्यांना नाही.

शेडमधल्या विजेत पहिला चोर कॉम्प्रेस्ड एअर. ही चाचणी सुट्टीच्या दिवशी करा. सगळी मशीन बंद, त्यांचे एअर व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवा म्हणजे मशीनच्या आतली गळतीही धरली जाईल. फक्त कॉम्प्रेसर चालू. घड्याळ लावून किती वेळ लोडवर (हवा दाबत) आणि किती वेळ अनलोडवर (रिकामा फिरत) जातो, ते पाच-सहा फेऱ्या लिहा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, म्हणजे गळतीचे टक्के. १० मिनिटांत ३ मिनिटे लोड आला तर गळती ३० टक्के. २०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) कॉम्प्रेसरवर ६० सीएफएम वाया. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर असेल तर ही पद्धत फसते, कारण तो अनलोड होण्याऐवजी वेग कमी करतो. तिथे कॉम्प्रेसर बंद करून रिसीव्हर ७ बारवरून ६ वर यायला किती वेळ लागतो ते मोजा. टाकी आणि पाइप मिळून १ घनमीटर असतील आणि २ मिनिटे लागली, तर गळती मिनिटाला अर्धा घनमीटर.

नंतर साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन फिरा. गळती बहुतेक वेळा मुख्य पाइपला नसतेच. एअरगनच्या होजची क्लिप, पुश-फिट कनेक्टर, एफआरएलचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरचा) ड्रेन आणि चकजवळचा जुना सोलेनॉइड व्हॉल्व्ह इथे असते. ७ बारला ३ मिमीचे एक भोक साडेतीन किलोवॅट खाते. वर्षाला ६,००० तास धरले तर २१,००० युनिट, १५ टन कार्बन, आणि युनिटला साडेआठ रुपयांनी १ लाख ७८ हजार रुपये. गळती बुजवल्यावर दाब अर्ध्या-अर्ध्या बारने खाली आणा. प्रत्येक बारमागे ६ ते ७ टक्के वीज वाचते. गळती न बुजवता दाब कमी केला की शेवटच्या मशीनचा चक लूज पकडतो, पार्ट उडतो, आणि ऑपरेटर दुसऱ्या दिवशी दाब पूर्वीपेक्षा जास्त करून ठेवतो.

शनिवारी रात्री शेड बंद करताना आणि सोमवारी सकाळी उघडताना मीटरचे आकडे लिहा. कोणी नसताना गेलेली वीज कुठे गेली ते शोधा: हायड्रॉलिक पॅक, कूलंट पंप, पॅनलचे एसी. त्याला पैसा लागत नाही.

सही करण्याआधी

शीटमधल्या प्रत्येक आकड्यासमोर बिलाचा क्रमांक किंवा फाइलचे नाव लिहा. सहा महिन्यांनी कोणी विचारले तर भरणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

नट-बोल्ट, स्क्रू थेट युरोपात पाठवत असाल तर तुमचा फॉर्म वेगळा आहे. लोखंडी फास्टनर कस्टमच्या ७३१८ या शीर्षकाखाली येतात आणि ते युरोपच्या सीबॅमच्या (आयात मालावरच्या कार्बन शुल्काच्या) यादीत आहेत; १ जानेवारी २०२६ पासून त्याचा आर्थिक भार सुरू झाला. तिथे तुमच्या विजेपेक्षा तुमच्या फर्नेसचे इंधन आणि वायर रॉडचा मूळ कार्बन मोजला जातो, म्हणून मिलचा आकडा मिळवल्याशिवाय ऑर्डरची किंमत पक्की करू नका. आयातदाराची सगळी सीबॅम आयात वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे; हे त्याला विचारून घ्या, ओझे उगाच अंगावर घेऊ नका. ८७०८ खाली जाणारे वाहनांचे भाग सीबॅमच्या मूळ यादीत नाहीत.

आणि 'अमुक सालापर्यंत १०० टक्के अक्षय ऊर्जा' असे हमीपत्र समोर आले तर आधी तीन गोष्टी कागदावर काढा: छतावर किती किलोवॅट बसतात, मंजूर भार किती आहे, आणि हरित दराने वीज घेतली तर पार्टमागे किती पैसे वाढतात. तो वाढलेला खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, मगच सही करा.